उपाशी पट्टा

सकाळपासून रस्त्यावर उभी आहे. बेंगळुरूत हेब्बाळच्या पुढे विमानतळाकडे जाणारा मोठा रस्ता लागतो, त्याला चिकटून एक लहान रस्ता धावतो, त्याच्यावर. डावीकडे रागी पसरली आहे, उजवीकडे रागी पसरली आहे आणि मधल्या मोकळ्या डांबरावर मी, हातात खराटा घेऊन. आमच्या इकडे थंडी पडली की मळणी अशीच होते. कापून वाळवलेली ताटं कणसांसकट रस्त्यावर अंथरायची. बस, लॉऱ्या, टेम्पो वरून जातात आणि चाकांखाली दाणा सुटतो. खळ्यासाठी वेगळी जागा आता कुणाकडे उरली आहे? ज्या रस्त्यांनी शेतं खाल्ली, त्यांच्याकडून एवढं तरी काम करून घ्यायचं.

माझं काम एकच. डावीकडचा दाणा उजवीकडच्यात मिसळू द्यायचा नाही. बस वेगात गेली की तिच्यामागे वारा उठतो आणि त्याबरोबर कणसं घरंगळतात. मी धावत जाऊन ती परत ढकलते. संध्याकाळी दोन्ही ढीग वेगवेगळे तोलले जातील. माझ्या आत्याचं उरलेलं अर्धं शेत शेतच राहणार की त्यावरही खडी पडणार, ते त्या तोलण्यावर ठरेल.

"रोड निम्मप्पंदा?" एक मोटारसायकलवाला काडावरून घसरता घसरता सावरला आणि ओरडला. रस्ता तुझ्या बापाचा का?

"नाही, आणि तुमच्याही बापाचा नाही," मी कन्नडातच म्हटलं. "म्हणून तर दोघांनी वापरायचा."

तो काहीतरी पुटपुटत गेला. मग मी ताटं जरा आत ओढून त्याच्यासारख्यांसाठी कडेला वाट मोकळी ठेवली. त्याचं चुकलं नव्हतं. पण आज मला कुणाशी तरी भांडायचं होतं आणि भांडायला दुसरं कुणी समोर नव्हतं.

रागीचं कणीस पाहिलंय ना? पुण्या-मुंबईकडून आलेले लोक तिला नाचणी म्हणतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झालेले मराठी, आम्ही रागीच म्हणतो. कणीस कोवळं असतं तेव्हा बोटं पसरलेली असतात. दाणा भरत गेला की ती आत वळतात आणि कापणीच्या सुमाराला त्यांची मूठ होते. लहानपणी मला वाटायचं, अण्णांच्या पत्रकांवर छापलेली ती मूठ रागीचीच आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. यशवंतपूरच्या एका कारखान्यात ते लेथवर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. घरात कॉटखाली, शिवणयंत्रावर, तांदळाच्या डब्यात, सगळीकडे पत्रकांचे गठ्ठे. अ अननसाचा मला कधी भेटलाच नाही. माझा अ अन्यायाचा होता. त्यांच्या कँटीनमध्ये चहाच्या दोन किटल्या असायच्या, एक कायम कामगारांची आणि दुसरी कंत्राटी कामगारांची. दुसरीत पाणी जास्त. अण्णांचं त्यावरचं पत्रक मला अजून पाठ आहे. त्याचं शीर्षक होतं, 'एका भट्टीचा चहा, दोन किटल्या कशाला?' मी ते घसा ताणून म्हणायचे आणि घरी आलेले लोक हसून टाळ्या वाजवायचे. पुढे कारखान्यात एकच किटली झाली. चहा सगळ्यांनाच पातळ मिळू लागला, ही गोष्ट निराळी. पण एकच झाली.

एवढ्यावर मी वाढले. जगात दोन किटल्या दिसल्या की त्यातली एक फोडायची, हे माझं सगळं तत्त्वज्ञान. आणि आज मी रस्त्यावर उभी राहून दोन ढीग वेगळे ठेवण्यासाठी धावते आहे.

डांबर तापायला लागलं आहे. ऊन चढलं की वाळलेल्या काडाचा वास उठतो, थोडा गोडसर, थोडा जुन्या वहीसारखा. त्या वासानं मागचं सबंध वर्ष अंगावर येतं.

मागच्या वर्षी मला हेब्बाळ तलावाजवळच्या एका लहानशा कंपनीत काम मिळालं होतं. भाड्याचं घर, खाली ऑफिस, वर प्रयोगशाळा. तिथे मातीतले उपयोगी जिवाणू वाढवून ते काळ्या भुकटीत मिसळत आणि पाकिटं भरत. ही भुकटी पेरणीआधी बियाण्याला चोळायची. शेतकऱ्यांसाठी पत्रक लिहायचं काम माझं. मी पहिल्याच दिवशी शीर्षक लिहून नेलं, 'विषारी खतांची गुलामी झुगारा!'

प्रयोगशाळेत ऋचा होती. नागपूरची, माझ्याच वयाची. केसांवर जाळीची टोपी आणि बोलणं सरळ. तिनं कागद वाचला आणि विचारलं, "विषारी कोण म्हणलं?"

"युरिया विषारी नाही?"

"नाही ना. जास्त झाला तर त्रास आहे, बस. आणि आपले जिवाणू पूर्ण खताची जागा नाही घेत. थोडं खत कमी करू शकतो. तेही माती बरी असली तर, पाकीट उन्हात पडलेलं नसलं तर, पाऊस वेळेवर आला तर."

"पत्रकात 'तर' नसतो, ऋचा."

"मग पत्रक नको लिहू न यार! जिवाणूंना घोषणा नाही पाहिजे. गूळ पाहिजे."

गूळ खरंच लागतो. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करायचं, त्यात ती काळी भुकटी कालवायची आणि बियाण्यावर हलक्या हातानं चोळायची. गुळानं ती दाण्याला चिकटते. मग सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. ऊन लागलं तर जिवाणू मरतात. एका दाण्यावर किती बसतात ते ऋचानं मला सांगितलं होतं. तो आकडा मी विसरले. बेंगळुरूत इतकी माणसं नाहीत, एवढंच लक्षात राहिलं.

तिनं सांगितलं ते मला कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त भिनलं. मूळ रात्रंदिवस थोडी थोडी साखर मातीत सोडत असतं. पानांनी उन्हात कमावलेली साखर, ती खाली सोडून देतं. त्यावर हे जिवाणू जगतात. बदल्यात कुणी हवेतला नायट्रोजन धरून देतं, कुणी मातीत अडकलेलं स्फुरद सोडवून देतं, कुणाच्या सोबतीनं मुळाला आणखी बारीक केस फुटतात. आणि हे सगळं अंधारात, कुणाचं नाव न छापता.

"म्हणजे यांचा नेता कोण?" मी विचारलं.

"नेता?" ऋचा मोठ्यानं हसली. "भूक, बे. दुसरं कोण?"

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला बसवेना. रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाचं आळं, प्रत्येक खणलेला खड्डा मला गजबजलेला दिसू लागला. आपण ज्याला माती म्हणून पायाखाली घालतो तो एक कारखाना आहे, तिन्ही पाळ्यांत चालणारा. आणि आम्ही अख्ख्या शहरानं त्याच्यावर सिमेंट ओतून टाळं लावलं आहे.

मला वाटलं, हे अक्काच्या शेतात करायचं.

अक्का म्हणजे अण्णांची मोठी बहीण, माझी आत्या. पण तिला सगळे अक्काच म्हणतात, तिचा मुलगासुद्धा. शेत केवढं, दोन बसस्टॉपच्या मधलं. तांबडी माती, बांधावर एक नारळ आणि रागीच्या ओळींत मध्येच अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची एखादी ओळ. आजूबाजूची शेतं गेली. कुठे गोदाम झालं, कुठे लग्नाचा हॉल, आणि बरीचशी विमानतळाच्या टॅक्स्या उभ्या करायला. तांबड्या मातीवर खडी टाकतात, रोलर फिरवतात, पत्र्याची शेड मारतात, की झालं पार्किंग.

अक्काचा मुलगा महेशण्णा स्वतः टॅक्सी चालवतो. त्याला गाडी उभी करायला जागा नसते, गाडीतच झोपावं लागतं, म्हणून पार्किंगचं गणित त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो वाईट माणूस नाही. मागच्या वर्षी मी त्याच्यासमोर जमीन, अन्न आणि स्वाभिमान यावर बरंच बोलले. ते त्यानं मान डोलावत ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "पुट्टी, तुझं भाषण छान झालं. पण माती मेली आहे. दरवर्षी पोतं पोतं युरिया टाकतो, तरी रागी गुडघ्याच्या वर येत नाही. मेलेल्याला दूध पाज, पंचामृत पाज, उठतो का?"

"मेली नाही. उपाशी आहे."

"सरी, चालेल. मग दाखव. तुझी ती नागपूरवाली काहीतरी खाऊ घालणार म्हणते ना? घालू दे. शेजारी तेवढाच एक पट्टा तसाच उपाशी ठेवा. खाल्लेला पट्टा जड निघाला तर माती जिती, मी पार्किंगचं नाव काढणार नाही. दोन्ही सारखे निघाले तर मेली. मग तुम्ही शेतीचं नाव काढायचं नाही."

मी टाळी दिली. ऋचाला तर हेच हवं होतं. ती म्हणाली, "तुझा भाऊ सायंटिस्ट आहे. तुलनेचा पट्टा नसेल तर आपण काहीच सिद्ध नाही करू शकत."

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "म्हणजे एका शेतात दोन किटल्या?"

"प्रयोग आहे, अण्णा."

"मॅनेजमेंटही तेच म्हणायची," ते म्हणाले आणि परत पेपरात शिरले.

ते गमतीनं बोलले होते, पण माझ्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं.

पेरणीच्या दिवशी अक्काच्या घरी पंगत असते. ट्रॅक्टरवाला, मजुरीला आलेल्या बायका, घरची माणसं, सगळी एका ओळीत ओट्यावर. रागीचे गरम मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, आणि भाजीचं सारू. अक्का वाढायला नेहमी ओळीच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करते. का, म्हणून लहानपणी मी विचारलं होतं. तर म्हणाली, "शेवटचा सारखा भांड्यात बघत असतो गे, आपल्यापर्यंत पोचेल की नाही म्हणून. त्याला आधी वाढलं की त्याचा जीव थाऱ्यावर येतो. पुढचे काय, त्यांना मिळणारच." तिच्या घरी पंक्तिप्रपंच हे सगळ्यांत मोठं पाप. खोटं बोललेलं एक वेळ चालेल. वाढताना एकाला कमी आणि एकाला जास्त, ते नाही.

आम्ही दोरी लावून सारख्या मापाचे दोन पट्टे आखले. काळं, गुळानं चिकट झालेलं बियाणं एका पट्ट्यात आणि शेताच्या इतर भागात, तर नुसतं तांबूस बियाणं त्या दुसऱ्या पट्ट्यात. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती.

"ह्याला का नाही?"

"त्याला उपाशी ठेवायचंय, अक्का," ऋचा म्हणाली. "तुलनेसाठी."

"काय केलंय त्यानं?"

"काही नाही केलं. कुणाला तरी ठेवावंच लागते."

अक्का 'अय्यो' म्हणाली. बादलीत उरलेलं काळं गूळपाणी नारळाला टाकायला सांगून आम्ही दोघी बस पकडायला निघालो.

पुढचे महिने मी फार अस्वस्थ आणि फार आनंदात काढले. रविवार आला की यशवंतपूरहून बस बदलत शेत गाठायचं. कोवळी रागी पोपटी असते. वारा आला की ती एका दिशेला झुकते आणि वारा गेल्यावरही जरा वेळ तशीच राहते, ऐकल्यासारखी. त्या वर्षी ती गुडघ्याच्या वर गेली आणि मग कमरेच्याही वर. महेशण्णा गाडी थांबवून बघून जायचा. मी मनातल्या मनात पत्रक लिहीत होते आणि त्यात एकही 'तर' नव्हता. फक्त एक गोष्ट मी बघूनही न बघितल्यासारखी करत होते. उपाशी पट्टाही तेवढाच उंच होता.

कापणीच्या आधी ऋचानं दोन्हीकडचं एकेक ताट मुळासकट उपटलं. खाल्लेल्या पट्ट्यातली मुळं दाट होती आणि प्रत्येक मुळाला मातीची बाही चढल्यासारखी, झटकली तरी न पडणारी. तिनं ते मला दाखवलं, हसली. मग तिनं उपाशी पट्ट्यातलं ताट उचललं. तशीच दाट मुळं. तशीच बाही. हसू गेलं.

"हे असं काऊन आहे?" ती स्वतःशीच म्हणाली.

"का म्हणजे?" बांधावरून अक्का म्हणाली. "त्यालाही वाढलं मी."

तिच्या आवाजात चोरी नव्हती, लपवाछपवीही नव्हती. कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिनं सांगितलं नव्हतं, एवढंच. आम्ही गेल्यावर तिनं बादलीतलं उरलेलं पाणी नारळाला टाकलं नव्हतं. "तो नारळ भरल्या पोटाचा. त्याला कशाला?" तिनं त्यात आणखी गूळ घातला, चाळलेलं शेणखत घातलं, भिजल्या गोणपाटाखाली काही दिवस झाकून ठेवलं आणि मग त्या पट्ट्यात ओळीओळीनं मूठमूठ टाकत फिरली. "शेजारचा जेवतो आणि ह्यानं बघत बसायचं? काय चुकलं त्याचं?"

ऋचा बांधावर खाली बसली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाच कळत नसावं. "अक्का, आता हे जिवाणूंनी केलं, की शेणानं केलं, की तुमच्या मायेनं? मी काय लिहू?"

"लिही, सगळे जेवले."

महेशण्णा आला आणि त्यानं दोन्ही ताटं हातात धरून बघितली. "फरक कुठाय?"

मी सांगायला लागले. दोन्ही पट्टे जेवलेत, तेव्हा फरक दिसणारच नाही. पण सबंध शेत बघ ना, मागच्या वर्षीपेक्षा केवढं...

"पाऊस चांगला होता," तो म्हणाला. "असेल तुझ्या पुडीनं, असेल पावसानं. मला कसं कळणार? म्हणूनच उपाशी ठेवा म्हणालो होतो. अट ती अट."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. हेच मला सहन होत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा बाजूला उभी होते, जिथे समता करणाऱ्या बाईनंच माझा पुरावा पुसून टाकला होता. तिच्यावर रागवायला तोंड उघडलं की माझ्याच घशातून लहानपणीचं पत्रक बाहेर येत होतं.

कंपनीच्या साहेबांना मात्र आनंद झाला. आमच्या शेताचा फोटो आणि पलीकडच्या उशिरा पेरलेल्या, खुरट्या शेताचा फोटो शेजारी शेजारी छापायचे. एकावर 'आधी', एकावर 'नंतर'. मी म्हटलं, ती दोन वेगळी शेतं आहेत, पेरणीही वेगवेगळ्या वेळची. ते म्हणाले, पत्रक आहे, प्रबंध नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं अभिमानानं म्हणत आले होते. आता ते त्यांच्या तोंडून ऐकलं. मी फोटो लावणार नाही म्हणून सांगितलं. माझ्या जागी दुसऱ्या कुणीतरी लावला.

संक्रांतीनंतर रस्त्याकडच्या अर्ध्या शेतात खडी आली. टिप्परनं ती ओतली तेव्हा मी तिथे होते. आधी तांबडी धूळ उडाली, मग करडी. रोलर पुढे-मागे फिरत राहिला. मला ऐकू येत होता तो फक्त इंजिनाचा आवाज, पण मी खालचं ऐकायचा प्रयत्न करत होते. अक्का मागच्या अर्ध्यात, पाठ करून, अवरे तोडत बसली होती. महिनाभर ती महेशण्णाशी बोलली नाही. ताट वाढायची, बोलायची नाही.

शेवटी तोच म्हणाला, "बरं, मागची अर्धी आणखी एक वर्ष. तीच अट. पण ह्या वेळी फसवायचं नाही."

"फसवलं कोणी?" महिन्याभरात अक्का पहिल्यांदा बोलली. "जेवू घातलं."

"तेच, तेच. जेवू घालायचं नाही."

तिनं मागच्या अर्ध्या शेताकडे पाहिलं. मग म्हणाली, "सरी. ठेवीन उपाशी."

ह्या वर्षीची पेरणी मला आठवते ती तिच्या हातांमुळे. काळं बियाणं तिनं स्वतः कालवलं, सावलीत पसरलं. मग तांबूस बियाण्याची टोपली उचलली, क्षणभर छातीशी धरली आणि काही न चोळता ट्रॅक्टरवाल्याकडे दिली. उरलेलं पाणी ऋचानं तिच्या डोळ्यांदेखत नारळाला घातलं. पंगत बसली. अक्कानं शेवटापासून सगळ्यांना वाढलं आणि स्वतः बसली नाही.

"अक्का, तुम्ही?" ऋचानं विचारलं.

"मला नको. त्याला उपाशी ठेवलंय ना."

त्या दिवशी ती जेवली नाही. पुढे खुरपणीच्या वेळी दोन्ही पट्टे सारखेच खुरपले, पण उपाशी पट्ट्याजवळून जाताना ती बोलायची. ऋचानं ते एकदा पाहिलं आणि मी घाबरून विचारलं, यानं बिघडतं का?

"बोललं तर चालते," ऋचा म्हणाली. "फक्त गूळपाणी नका घालू म्हणावं."

मधल्या काही आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसत होता. उपाशी पट्टा फिकट, पानं अरुंद. अक्का बांधाची दुसरी बाजू धरून चालायची, घेणेकरी टाळावा तशी. मी मात्र तो फिकेपणा बघून खूश व्हायचे आणि मग खूश झाल्याची लाज वाटायची. पुढे उशिराचा जोराचा पाऊस झाला आणि सगळंच एकसारखं हिरवं दिसू लागलं. कणसांच्या मुठी वळल्या. दोन्हीकडे वळल्या. कुठल्या मुठीत किती, ते बाहेरून कळत नाही.

म्हणून आज हा रस्ता, हा खराटा, ही धावपळ.

दुपारी ऋचा आली, रजा टाकून. आम्ही आधी एक ढीग झाडून घेतला, मग दुसरा. अक्कानं वाऱ्याकडे पाठ करून सुपानं दोन्ही वेगवेगळे उपणले. कोंडा पार्किंगमधल्या पांढऱ्या टॅक्स्यांवर जाऊन बसला आणि महेशण्णा शिव्या घालत काचा पुसायला लागला. मग त्यानंच काटा आणला आणि पार्किंगच्या शेडच्या आडव्या लोखंडी दांड्याला अडकवला. त्याच खडीवर उभं राहून शेताचा निकाल लागणार होता.

अक्का बघायला थांबली नाही. मागे बांधाकडे गेली.

आधी उपाशी पट्ट्याचं पोतं. काटा हलला, थरथरला, थांबला. महेशण्णानं बोटाच्या नखानं तिथे खूण केली. मग दुसरं पोतं. मी डोळे मिटणार नव्हते, पण मिटले. उघडले तेव्हा काटा खुणेच्या पुढे होता. खूप पुढे नाही. फरक पत्रकावर ओरडून सांगावा इतका नाही, आणि कुणी पावसाच्या नावावर टाकावा इतकाही कमी नाही. पाऊस दोघांवर एकच पडला होता.

महेशण्णानं पोतं उतरवलं, परत टांगलं, परत बघितलं. पोती बदलून बघितली. काट्यावर टिचकी मारून बघितली. मग त्यानं मागच्या अर्ध्या शेताकडे पाहिलं. तिथे कापलेल्या ताटांचे बुडखे होते आणि त्यांत त्याची आई उभी होती.

"जिती आहे," तो म्हणाला. मला नाही, ऋचालाही नाही, बहुतेक काट्यालाच. मग मोठ्यानं हाक मारली, "अक्का! सरी! शेत राहू दे!"

मला वाटलं, ती धावत येईल. मी तर धावलेच तिच्याकडे. ती शांतपणे चालत आली, पदरानं हात पुसत. काट्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"एकदा झालं म्हणजे पक्कं नाही, अक्का," ऋचा हळूच म्हणाली. ती कधीच खोटं बोलू शकत नाही, आनंदाच्या वेळीसुद्धा. "पुढच्या वर्षी परत करून बघावं लागेल. परत एक पट्टा..."

मी तिला डोळ्यांनी दटावलं. पण अक्का मान हलवत होती.

"ठेवू. पण तोच नाही. पुढच्या वर्षी आज जेवला तो बसेल उपाशी. मग त्याच्या पुढचा. पाळी लावायची. एकालाच किती दिवस?"

ऋचानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. "चालते," ऋचा म्हणाली. "एकदम चालते."

"ह्यातलं उपाशी पोतं कुठलं?" अक्कानं विचारलं.

महेशण्णानं हलकं पोतं पुढे सरकवलं. अक्का त्याच्याजवळ खाली बसली, तोंड सोडलं, आत हात घातला आणि दाणे सुपात घेतले. तांबडे, बारीक दाणे.

"गिरणी उघडी असेल अजून," ती महेशण्णाला म्हणाली. "हे घेऊन जा. रात्रीचे मुद्दे ह्याचेच."

"दोन्ही दळून आणतो ना, एकाच खेपेला."

"नाही. आधी हे."

त्यानं सूप घेतलं आणि टॅक्सीत पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवलं. गाडी निघाली तेव्हा एक हात स्टेअरिंगवर होता आणि दुसरा सुपावर, सांडू नये म्हणून.